डबा, घंटा आणि पटांगण: मुलांचं आरोग्य शाळेत कसं घडतं

मधल्या सुट्टीची घंटा होते. कागदावर सुट्टी वीस मिनिटांची. फळ्यावरचं उरलेलं उतरवून घेण्यात तीन मिनिटं जातात. हात धुवायला नळावर रांग, तिथं आणखी चार. बाकावर येऊन डबा उघडेपर्यंत सुट्टीचा तिसरा हिस्सा संपलेला असतो. मैत्रिणी पटांगणाकडे पळताना दिसतात. दहा वर्षांची ती मुलगी घाईघाईनं चार घास गिळते, भाजी चावायला वेळ लागतो म्हणून ती तशीच ठेवते, आणि झाकण दाबून धूम ठोकते. संध्याकाळी घरी डबा उघडला की निष्कर्ष निघतो: हिला भाजी आवडत नाही.

आवडीनिवडीचा प्रश्न तिथं आलाच कुठे होता? तिला पुरेशी मिनिटंच मिळाली नव्हती.

शाळेत मुलांचं खाणं आणि खेळणं सुधारायचं म्हटलं की आपण लगेच तक्ते रंगवायला बसतो. सकस आहाराचा तक्ता, घोषवाक्य स्पर्धा, एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान. त्यात वाईट काही नाही. पण आठ वर्षांच्या कुठल्याही मुलाला विचारा, फळ चांगलं की चॉकलेट. ते अचूक उत्तर देईल आणि मग चॉकलेट खाईल. मोठी माणसंही तेच करतात. कळणं आणि वळणं यांत अंतर असतं, आणि शाळेत ते कमी होतं किंवा वाढतं ते अगदी साध्या गोष्टींमुळे. घंटा कधी होते, पाण्याचा नळ कुठे आहे, कॅन्टीनच्या काउंटरवर पुढे काय मांडलंय, खेळाच्या तासाला किती चेंडू मिळतात. मला या लेखात त्या साध्या गोष्टींबद्दलच बोलायचं आहे.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात ५ ते १९ वयाची ३९ कोटींहून जास्त मुलं गरजेपेक्षा जास्त वजनाची होती, आणि त्यांतली १६ कोटी लठ्ठपणाच्या गटात मोडत होती. जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण १९९० मध्ये ८ टक्के होतं; ३२ वर्षांत ते २० टक्क्यांवर गेलं. २०२५ मध्ये युनिसेफनं जाहीर केलं की या वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं आहे: ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के.

हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ते जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे एकाच वर्गात एक मूल खंगलेलं असू शकतं, दुसरं लठ्ठ असू शकतं, आणि तिसऱ्याचं वजन अगदी तक्त्याप्रमाणे असूनही रक्तात लोह कमी असू शकतं. लठ्ठपणा आणि कुपोषण ही दोन टोकं वाटतात, पण पुष्कळदा त्यांचं मूळ एकच असतं. पोट भरतं, पोषण होत नाही. म्हणून शाळेनं ‘वजन कमी करा’ अशी मोहीम काढणं मला मुळातच चुकीचं वाटतं. सगळ्याच मुलांना नीट खायला मिळावं आणि सगळ्याच मुलांना हलायला मिळावं, एवढंच उद्दिष्ट पुरेसं आहे. ते जाड मुलालाही लागू पडतं आणि किडकिडीत मुलालाही.

मग हे काम शाळेनंच का करायचं? घरी काय शिजतं, घराबाहेर खेळायला जागा आहे का, आईवडील किती वाजता परततात, हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. शाळा मात्र सगळ्यांची तीच. वर्षातले कितीतरी दिवस, दिवसातले पाच-सात तास मूल तिथं असतं आणि निदान एकदा तरी तिथं खातं. ज्याच्या घरी परिस्थिती कठीण आहे त्याला शाळेतल्या चांगल्या व्यवस्थेचा फायदा सगळ्यात जास्त होतो.

आता खाण्याकडे वळू. सकस म्हणजे काय हे समजायला फार शास्त्र लागत नाही. धान्य शक्यतो कोंड्यासकट, कडधान्य किंवा प्रथिनांचा दुसरा काही स्रोत, भाज्या, फळं, आणि प्यायला पाणी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मुलांसाठी भाज्या-फळांचे आकडेही दिले: २ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाला निदान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलाला ३५० ग्रॅम, आणि दहाव्या वर्षापासून पुढे ४०० ग्रॅम. दिवसभरातल्या खाण्यात हे बसवायचं तर शाळेतला घास रिकामा जाऊन चालत नाही. घरच्या एका जेवणात एवढं मावत नाही.

साखरेचा हिशेब मात्र जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथं चांगले शिकलेले पालकही फसतात. आरोग्य संघटना ‘मुक्त साखर’ असा शब्द वापरते. त्यात वरून घातलेली साखर येते, तसंच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखरही येते. अख्ख्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर यात धरत नाहीत. सल्ला असा, की दिवसभरात मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी. ५ टक्क्यांच्या खाली आली तर आणखी चांगलं. आता एखाद्या मुलाला दिवसाला १,६०० किलोकॅलरी लागतात असं धरू. त्याचे १० टक्के म्हणजे १६०. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे मर्यादा झाली ४० ग्रॅम. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. दिवसभराचा कोटा जवळजवळ तिथंच संपतो. पाच टक्क्यांची मर्यादा पाळायची तर तो कॅन अर्धाच प्यायल्यावर ती भरत आलेली असते. आणि त्या कॅननं भूक काही भागत नाही.

फळाचा रस हा ‘फळच’ समजून मुलांना दिला जातो. तीन संत्री सोलून, बिया काढून, चावून खायला मुलाला दहा-बारा मिनिटं तरी लागतील, आणि बहुतेक मुलं दुसऱ्या संत्र्यालाच पुरे म्हणतील. तीच तीन संत्री पिळून पेल्यात आली की एका दमात पोटात जातात. चोथा गाळणीत राहतो, म्हणजे पोट भरल्याची जाणीव देणारा आणि साखर रक्तात हळूहळू उतरवणारा भाग फेकला जातो. शाळेत फळ द्यायचं असेल तर ते चिरून द्यावं. चिरल्यानं फरक पडतो. दात पडलेल्या, दातांना तार लावलेल्या किंवा घाईत असलेल्या मुलाला अख्खं सफरचंद हा एक प्रकल्पच वाटतो. फोडी मात्र बोलता बोलता संपतात.

‘आमचं मूल नवीन काही खातच नाही’ ही तक्रार शिक्षकांना रोज ऐकायला मिळते. त्यामागचं कारण कळलं तर आपली चिडचिड कमी होईल. अनोळखी चव, विशेषतः कडवट चव नाकारणं हे लहान मुलाच्या शरीराचं संरक्षण आहे. निसर्गात कडू म्हणजे कदाचित विषारी. चव पुन्हा पुन्हा समोर आली, खाऊन काही बिघडलं नाही हे कळलं, की नकार विरघळत जातो. त्यासाठी एकदा-दोनदा नव्हे, आठ-दहा, कधी पंधरा वेळा तो पदार्थ थोडा थोडा चाखावा लागतो. घरी आपण तिसऱ्या वेळेला हार मानतो. शाळेकडे इथं दोन गोष्टी आहेत ज्या घराकडे नाहीत. एक म्हणजे वर्षभराचा धीर. दुसरी म्हणजे शेजारच्या बाकावरचा मित्र. आई शंभरदा सांगून जे होत नाही ते मित्रानं आवडीनं खाल्लं की होतं.

मात्र ‘हे संपवलंस तर खाऊ देईन’ असा सौदा करू नका. मूल त्यातून एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि खाऊ हे बक्षीस. बरोबर उत्तराला गोळी, वाढदिवसाला अख्ख्या वर्गाला चॉकलेट, स्पर्धेत जिंकलं की बिस्किटांचा पुडा, या सगळ्याचा हिशेब महिनाभर मांडून पाहिला तर शाळा स्वतःच किती साखर वाटते ते दिसेल. त्याऐवजी पेन्सिल द्या, पाच मिनिटं जास्त खेळू द्या, वर्गाला वाचून दाखवायचं पुस्तक निवडायचा मान द्या. मुलांना तो मान फार मोठा वाटतो.

जेवणालाच शिक्षणाचा भाग करणारे देशही आहेत. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत मिळतं. सगळ्यांना, म्हणजे ऐपत आहे त्यांनाही. हे महत्त्वाचं आहे, कारण जेवण फक्त गरिबांसाठी असलं की ताटावर शिक्का बसतो, आणि किशोरवयातलं मूल शिक्का बसण्यापेक्षा उपाशी राहणं पत्करतं. जपाननं २००५ मध्ये आहारशिक्षणाचा कायदा केला. तिथल्या प्राथमिक शाळांत पाळीपाळीनं मुलंच टोपी-ॲप्रन घालून वर्गमित्रांना वाढतात, शिक्षक त्यांच्यासोबत तेच जेवण जेवतात, आणि नंतरची आवराआवरही मुलंच करतात. शिक्षकांनी तेच खाणं, मला यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग हा वाटतो. बाई स्टाफरूममध्ये थंड पेय पीत असतील तर वर्गातल्या तक्त्याला अर्थ उरत नाही.

आता सुरुवातीच्या त्या मुलीकडे परत जाऊ. तिच्यासाठी काय करता येईल? एक उपाय इतका सोपा आहे की तो सुचत नाही: आधी खेळ, मग जेवण. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या काही प्राथमिक शाळांनी खेळाची सुट्टी जेवणाच्या आधी घेतली. २०१५ मध्ये त्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले: मुलांचं भाज्या-फळं खाण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी वाढलं. पदार्थ तेच, मुलंही तीच. पटांगण वाट बघत नसलं की मूल स्वस्थ बसून खातं, आणि खेळून आलेल्या मुलाला भूकही लागलेली असते. दुसरी गोष्ट, जेवायला बसल्यानंतरची निदान वीस मिनिटं मिळायला हवीत. रांगेतली, हात धुण्याची, डबा शोधण्याची मिनिटं त्यात धरायची नाहीत. वीस मिनिटांच्या सुट्टीत ही वीस मिनिटं कधीच सापडणार नाहीत, हे वेळापत्रक करणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

पाण्याचंही असंच आहे. जर्मनीतल्या डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांत, जिथं वस्ती गरीब आहे अशा भागांतल्या प्राथमिक शाळांमध्ये २००६ मध्ये एक प्रयोग झाला. काही शाळांत पिण्याच्या पाण्याची कारंजी बसवली, मुलांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि पाण्यावर चार तास शिकवलं. बाकीच्या शाळांत काहीच बदललं नाही. वर्ष संपलं तेव्हा पहिल्या गटात जास्त वजन होण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. कुणी मुलांना कमी खा म्हटलं नव्हतं. स्वच्छ, थंड, जवळचं पाणी हाताशी होतं, एवढंच. तुमच्या शाळेत पाण्याचा नळ कुठे आहे ते आठवा. स्वच्छतागृहाच्या शेजारी असेल, तर मुलं तिथलं पाणी पिणार नाहीत. वर्गात बाटली बाकावर ठेवायला बंदी असेल, तर ती दिवसभर दप्तरातच राहील. तास चालू असताना पाणी प्यायचं नाही हा नियम कुणी आणि का केला, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

कॅन्टीनबद्दल थोडक्यात. मुलं जे समोर आणि हाताशी असतं ते घेतात. फळं काचेमागे आणि वेफर्स काउंटरवर टांगलेले असतील तर विक्री कशाची होणार हे ठरलेलंच आहे. चिलीनं २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पदार्थांवर काळ्या रंगाचा ठळक इशारा छापणं बंधनकारक केलं, आणि असा इशारा असलेले पदार्थ शाळेत विकायला बंदी घातली. म्हणजे दुकानातली निवड आणि शाळेचा नियम एकाच चिन्हानं जोडला. तसा कायदा नसला तरी शाळेच्या व्यवस्थापनाला कॅन्टीनच्या करारात हे लिहून घेता येतं. आणि खेळाच्या दिवशी लागणाऱ्या फलकांवर शीतपेयाची जाहिरात नको. मुलं जिथं एकत्र जमतात अशा जागा अशा पदार्थांच्या जाहिरातींपासून मुक्त ठेवाव्यात, असं आरोग्य संघटनेनं २०१० मध्येच सांगून ठेवलं आहे. फुकट मिळालेल्या टी-शर्टची किंमत मुलांकडून वसूल होते.

आता हालचाल. ५ ते १७ वर्षांच्या मुलानं दररोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस जोरदार हालचाल आणि हाडं-स्नायू मजबूत करणारे खेळ असावेत, असं आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र नको. हालचाल चालू असताना मूल बोलू शकतं पण गाऊ शकत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरदार. ही साठ मिनिटं सलग असण्याचीही गरज नाही. शाळेत चालत येणं, सुट्टीतली पळापळ, खेळाचा तास, संध्याकाळचा खेळ, सगळं मोजायचं.

तरीही १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांची २०१६ पर्यंतची माहिती एकत्र केली तेव्हा ८१ टक्के मुलं या मापाला पुरी पडत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के, मुलांत ७८.

शाळेत तर खेळाचा तास असतो, मग असं का? एकदा घड्याळ घेऊन पटांगणाच्या कडेला बसा. एका तासाला मी तेच केलं होतं. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं. वर्गातून रांगेनं खाली येण्यात पाच मिनिटं, हजेरीला तीन, सूचनांना चार, दोन संघ पाडण्यात आणखी तीन. उरली वीस. चेंडू एक. मी सगळ्या मुलांवर लक्ष ठेवणं सोडलं आणि एकाच मुलावर नजर ठेवली, मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका शांत मुलावर. त्या वीस मिनिटांत चेंडू त्याच्याकडे दोनदा आला. एकदा तो धावला. उरलेला वेळ तो बुटाच्या टोकानं मातीत रेघा ओढत उभा होता. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे खेळाचा तास पूर्ण भरलेला होता.

खेळ चांगला शिकवणारे शिक्षक हे ओळखतात. तासातला निदान निम्मा वेळ प्रत्येक मूल प्रत्यक्ष हलत असलं पाहिजे, हे त्यांचं माप. त्यासाठी ते चाळीस मुलांचे दोन संघ करत नाहीत, आठ गट करतात. गट लहान, मैदान छोटं, चेंडू जास्त. चेंडू नसतील तर दोरीच्या उड्या, पकडापकडी, वर्तुळातले खेळ. ‘बाद’ झालेलं मूल बाहेर बसत नाही, पाच उड्या मारून परत आत येतं. कारण आधी बाद होतं तेच मूल ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते. दोन कर्णधारांनी एकेक खेळाडू निवडायची पद्धत तर बंदच करावी. शेवटी उरलेल्या मुलाला ते पटांगण मोठेपणीही नको वाटतं.

हालचालीचा फायदा म्हणजे फक्त कॅलरी जळणं, असं मानलं तर अर्धीअधिक गोष्ट निसटते. हाडांचंच घ्या. हाड हे जिवंत असतं आणि त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घट्ट होतं. उडी मारून जमिनीवर आदळताना जो धक्का बसतो, तो हाडाला ‘इथं भर घाल’ असा निरोप असतो. मोठेपणी असणाऱ्या हाडांच्या वस्तुमानापैकी जवळपास चौथा हिस्सा वयात येतानाच्या वाढीच्या दोन वर्षांत जमा होतो. ती दोन वर्षं बाकावर बसून गेली, तर साठीत त्याची भरपाई गोळ्यांनी पूर्ण होत नाही. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मैदानावर ठेवणं हे तिच्या म्हातारपणासाठी केलेलं काम आहे, आणि नेमक्या त्याच वयात मुली मैदान सोडतात.

डोळ्यांचं उदाहरण मला स्वतःला चकित करून गेलं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जास्त घराबाहेर, उजेडात ठेवलं. हे तीन वर्षं चाललं, आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना हा वेळ मिळाला नव्हता त्यांच्यापैकी ३९.५ टक्के मुलांना नव्यानं लांबचं दिसेनासं झालं होतं. ज्यांना मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ३०.४ टक्के होतं. भर उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि ते बुबुळामागचा गोळा नको तितका लांबट होऊ देत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. चाळीस मिनिटं म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातला एक तास, नुसता बाहेर घेतलेला.

आणि अभ्यास? पालकसभेत पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो. खेळाला वेळ दिला तर गणित मागे पडेल ना? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, त्रुआ-रिव्हिएर इथं १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना अभ्यासातला वेळ काढून रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं गेलं. त्यांचे गुण घसरले नाहीत. २००९ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रयोगात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आधी २० मिनिटं चालवलं आणि मग कामाला बसवलं. बसून राहिल्यानंतरच्या तुलनेत त्यांचं लक्ष जास्त एकवटलेलं आढळलं. हे कुठल्याही वर्गशिक्षकाला ठाऊक आहे. तिसऱ्या सलग तासाला वर्ग कसा होतो ते त्यांनी पाहिलेलं असतं. दोन तासांच्या मध्ये तीन मिनिटं उभं करून हातपाय हलवायला लावलं तर वाया गेलेली मिनिटं पुढच्या तासात परत मिळतात.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातली गोष्ट इथं सांगायलाच हवी. २०१२ मध्ये तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांच्या लक्षात आलं की मुलं जरा धावली की दमतात. त्यांनी एका वर्गाला रोज १५ मिनिटं शाळेच्या मैदानाभोवती पळायला सोडलं. वेगळा गणवेश लागत नव्हता, शर्यत नव्हती, नंबर नव्हते. हवं तर धावा, हवं तर मैत्रिणीशी बोलत भराभर चाला. हाच उपक्रम ‘डेली माइल’ या नावानं पुढे अनेक देशांत गेला. तो पसरण्याचं कारण मला त्याच्या साधेपणात दिसतं. कपडे बदलायचे नाहीत, म्हणून वेळ जात नाही. स्पर्धा नाही, म्हणून कुणी हरत नाही. साहित्य लागत नाही, म्हणून ‘निधी आल्यावर बघू’ म्हणता येत नाही.

शाळांना काही गोष्टी थांबवाव्याही लागतील. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला पाच फेऱ्या, ही शिक्षा मुलाला धावणं म्हणजे अपमान असं शिकवते. सुट्टी काढून घेणं ही तर त्याहून वाईट शिक्षा, कारण जे मूल वर्गात शांत बसू शकत नाही त्यालाच हालचालीची सर्वांत जास्त निकड असते. सुट्टी शिक्षा म्हणून किंवा राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी काढून घेऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

सगळ्या वर्गासमोर वजन करून आकडा मोठ्यानं वाचणंही बंद करावं. कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांत एक मोठा अभ्यास झाला. मुलांची उंची-वजनं घेऊन त्याचा अहवाल पालकांना पाठवला तर मुलांचं वजन आटोक्यात येतं का, हे पाहायचं होतं. २०२१ मध्ये उत्तर आलं: काही फरक पडत नाही. उलट, शाळेत वजन केलेल्या मुलांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान कमी झालं. वाढीच्या नोंदी ठेवायच्या असतील तर त्या पडद्याआड, एकेकट्याच्या ठेवाव्यात आणि त्याबद्दल घरच्यांशी सौम्यपणे, खासगीत बोलावं. जाड मुलाला आपण जाड आहोत हे सांगायची गरज नसते. रोज कुणीतरी सांगतच असतं.

मुलींचा प्रश्न वेगळा थांबून बघायला हवा. त्या मैदान सोडतात याला ‘मुलींना खेळात रस नसतो’ हे कारण लावणं म्हणजे डबा परत आला म्हणून भाजी आवडत नाही म्हणण्यासारखंच आहे. स्वच्छतागृहात पाणी आणि आतून कडी आहे का? पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला आणि टाकायला जागा आहे का? खेळाचे कपडे अंगाला चिकटणारे, पांढरे, आखूड असेच असले पाहिजेत का? मैदानाचा मोठा तुकडा मोठ्या मुलांच्या एकाच खेळानं व्यापलाय का? बघे कठड्यावर बसून शेरे मारतात का? यांची उत्तरं दुरुस्त केली की रस आपोआप दिसायला लागतो. अपंग मुलांनाही हेच लागू. ‘तू बस, गुण मोज’ हा खेळात सहभाग नव्हे. नियम थोडा बदलून त्यालाही घाम येईल असं काहीतरी शोधावं लागतं.

एवढं करूनही मुलांची वजनं लगेच बदलतील असं मी म्हणणार नाही. शाळांमधल्या मोठ्या प्रयोगांत वजनावरचा परिणाम पुष्कळदा लहान निघतो, कधी दिसतही नाही. मूल शाळेबाहेर राहतं, सुट्ट्यांत घरी असतं, आणि बाहेरचा बाजार शाळेपेक्षा बलवान आहे. म्हणून मोजायचंच असेल तर शाळेच्या हातात आहे ते मोजावं. किती मुलांच्या डब्यात अन्न उरलं, किती बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या झाल्या, खेळाच्या तासात शांत मुलाला चेंडू कितीदा मिळाला, सातवीतल्या किती मुली मैदानावर आहेत.

आणि मुलांना विचारावं. शाळेचा साधा नकाशा काढून त्यांच्या हातात रंग द्या. आवडती जागा हिरवी करा, जिथं जायला नको वाटतं ती लाल. एका वर्गानं असा नकाशा रंगवला तेव्हा पाण्याच्या नळाभोवती लाल रंगाचं मोठं वर्तुळ आलं. मोठ्यांना वाटलं होतं की मुलांना पाण्याचं महत्त्व पटत नाही, म्हणून त्या विषयावर भाषण ठेवायचं चाललं होतं. मुलांनी सांगितलं की तिथं सतत चिखल असतो, बूट भिजतात आणि मग दिवसभर मोजे ओले राहतात. भाषण रद्द झालं. नळाखाली फरशी बसवून घ्यायला एक दिवस लागला.